दोरीचं दुसरं टोक

२ जून २०१८, शनिवार

...आणि नाही, माझं डोकं फिरलेलं नाही. पुण्यात समुद्र नाही हे मलाही माहितीये. काल ऑफिसमध्ये सुनीतीला तेच समजावत होतो. तिचं म्हणणं, पुण्यात स्कूबा म्हणजे सहारात स्कीइंग. ही डायरी मी नंतर ब्लॉगवर टाकणारे, तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुम्हीही ऐकून घ्या: डायव्हिंगला समुद्र लागत नाही. पाणी लागतं आणि खोली लागते. धायरीच्या मागे, डोंगराला लागून दगडाची एक जुनी खाण आहे. काम कधीच बंद पडलंय आणि आत झऱ्याचं पाणी भरलंय. हिरवंगार, आणि वरून बघितलं तर तळ नसल्यासारखं. मन्सूरभाईचं डायव्ह स्कूल तिथेच आहे. बोटबिट काही नाही, काठावरून चालत आत जायचं.

मी आजपासून त्याचा वीकेंड असिस्टंट. पगार नाही, पण डायव्ह्ज फुकट! सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड, शनिवार-रविवार पाण्यात. ऑक्टोबरमध्ये मालवणचा सीझन सुरू होईल तोपर्यंत माझ्या खात्यात भरपूर डायव्ह्ज जमलेल्या असतील, मग मी समुद्रात इतरांना घेऊन जाऊ शकेन. इतकं साधं स्वप्न आहे.

सामान घेऊन इथेच राहायला आलो. खाणीच्या मालकीण सोजरबाई, त्यांच्या घराची वरची खोली. खिडकीतून सगळी खाण दिसते. काठावर एक गंजलेला लोखंडी खांब आहे, त्यावर कप्पी. पूर्वी यावरून दोरीनं माणसं खाली सोडायचे. सोजरबाईंनी माझे फिन्स, मास्क वगैरे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, आमच्या घरी पाणी टँकरनं येतंय, आन् तुमी पाण्यात बुडायला पैसं भरताय, लई शिकल्यालं दिसताय. मी म्हणालो पैसे भरत नाही, फुकट आहे. तर म्हणाल्या, मग तर इचारूच नका.

मन्सूरभाई कमाल माणूस आहे. सर म्हटलेलं चालत नाही, बीपी वाढतं म्हणे. मला हिरो म्हणतो. कँपात घर, बायको शकीला, दोन मुली. डाव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं, विचारलं तर म्हणाला स्कूटर घसरली. मला एक जुना वेटसूट दिला, कॉलरच्या आत मार्करनं बजरंग लिहिलंय. आधीचा असिस्टंट, सोडून गेला.

दुपारी पहिली डायव्ह. खाण पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली आहे. पहिल्या पायरीवर चिलापी माशांनी गाळात गोल गोल खड्डे केलेत, ताटं मांडल्यासारखे, आणि प्रत्येक ताटात एक नर राखण करतोय. मी हात पुढे केला तर एवढासा मासा माझ्या ग्लोव्हवर धावून आला. रेग्युलेटर तोंडात ठेवून हसता येत नाही, पाणी जातं. तरी हसलो.

३ जून, रविवार

दिवसा जी जागा बघितली तीच अंधार पडल्यावर बघायची, हे मन्सूरभाईचं तंत्र. म्हणतो, गल्ली तीच असते, रात्री फक्त माणसं बदलतात. खरंच आहे! काल भांडणारे चिलापी आज ताटाशेजारी आडवे तिरके पडून झोपलेले. कोळंबीचे डोळे टॉर्चमध्ये निखाऱ्यासारखे लाल, शेकड्यांनी. कपारीतून सापासारखी लांब एक वाम बाहेर आली, माझ्या हाताएवढी जाड, आमच्याकडे बघितलं आणि मागच्या मागे परत गेली. आणि जेलीफिश! गोड्या पाण्यात! रुपयाच्या नाण्याएवढी, काचेची, मिटायची उघडायची, मिटायची उघडायची. मी टॉर्च हलवायचं विसरलो.

दुसऱ्या पायरीच्या खाली मात्र मन्सूरभाई जात नाही. मी खाली बोट केलं तर त्यानं मान हलवली. पायरीच्या कडेला येतानाही त्याचा डावा हात छातीशी घट्ट धरलेला होता.

वर आल्यावर विचारलं, खाली काय आहे. म्हणाला दगड.

९ जून, शनिवार

आठवडाभर पाऊस. पाणी चहासारखं झालंय. मला वाटलं डायव्ह कॅन्सल, पण मन्सूरभाई उलट खूश. म्हणाला, हिरो, साफ पाण्यात कुणीही डायव्हर होतो.

गढूळ पाण्यात जोडीदार दिसत नाही, म्हणून दोघांमध्ये एक दोरी असते, बडी लाइन. दहा-बारा फूट लांब, दोन्ही टोकांना फास. एक फास माझ्या मनगटात, दुसरा त्याच्या. एक झटका म्हणजे 'आहेस ना?' उलट एक झटका म्हणजे 'आहे.' बस. आणि विचारलं की उत्तर द्यायचंच, हे त्यानं मला काठावर तीनदा सांगितलं. उत्तर न देणारा बडी हा बडी नसतो.

आत गेलो. स्वतःचा हात दिसेना. थोड्या वेळानं झटका आला. मी उत्तर दिलं. परत आला. परत दिलं. आज भाई फारच काळजी करतोय असं वाटलं, कारण दर काही श्वासांनी विचारत होता. एकदा मी मुद्दाम जरा उशीर केला तर इतक्या जोरात ओढलं की खांदा कळवळला. मग मी लगेच लगेच देत गेलो. आहे. आहे. आहे.

हवा कमी झाल्यावर वर यायला निघालो. काठाशी डोकं बाहेर काढलं तर मन्सूरभाई सोजरबाईंच्या पत्र्याखाली बसून कांदाभजी खात होता. केस कोरडे. म्हणाला, आत जाताच दोरी हातातून सुटली, तू बुडबुडे सोडत होतास म्हणून वरून बघत बसलो.

मी दोरी ओढून घेतली. माझा फास सैल होता. दुसऱ्या टोकाचा आवळलेला होता. अगदी बारीक, मनगटाएवढा. त्यावर काळा, दगडाच्या पावडरीचा गाळ.

फांदीबिंदीत अडकला असेल. खाणीत फांद्या असतात. असतील.

१० जून, रविवार

मन्सूरभाईनं बँडेज काढलंय. मनगटाभोवती गोल वण आहे, बांगडीसारखा, पूर्ण. स्कूटर घसरून असा वण कसा पडतो?

तो फ्रेश दिसत होता. दहा वर्षांनी लहान. म्हणाला काल रात्री आडवा पडलो तो थेट सकाळी शकीलानं हलवल्यावर उठलो. मग सहज विचारल्यासारखं विचारलं की काल खाली झटके आले का. मी म्हणालो, आले. तू उत्तर दिलंस? म्हणालो, ऑफकोर्स. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. शाब्बास म्हणाला. मग टँक भरायला गेला आणि दिवसभर तिकडेच राहिला.

१२ जून, मंगळवार

सकाळी कंपनीच्या बसमध्ये डावा हात मांडीवरून खाली पडला. पडला म्हणजे कुणीतरी ओढल्यासारखा. बावधनला पुन्हा. मी काही विचार न करता मनगटाला एक हिसका दिला, सवयीनं, पाण्यात देतो तसा. थांबलं.

ऑर्थोकडे जाऊन आलो. म्हणाले, हिंजवडी ना? कीबोर्डनं नस दबलीये. तुमच्या निम्म्या कंपनीचं मनगट माझ्याकडेच येतं. क्रेप बँडेज बांधून दिलं.

सुनीती म्हणाली, वा, पुण्याच्या समुद्रात शार्क चावला वाटतं. आणि पुढे म्हणाली की चोवीस तारखेला ती येतेय, पहिली डायव्ह करायला. मीच वर्षभर तिच्या मागे लागलो होतो, ये, ये म्हणून. मन्सूरभाईशी फोनवर बोलून तिनं नाव नोंदवलंसुद्धा.

१४ जून, गुरुवार

नस नाहीये ही.

उत्तर दिलं की शांत होतं. नाही दिलं की वाढतं. आज क्लायंटच्या कॉलवर होतो, प्रेझेंट करत होतो, हिसका द्यायचं टाळलं. हात टेबलावरून सरकत कडेपर्यंत गेला. सगळ्यांसमोर. शर्टची बाही कोपरापर्यंत ओली झाली. टेबलावर पाणी. त्यात बारीक काळी कच. सुनीतीनं टिश्यू दिला.

आणि एक गोष्ट. सुरुवातीला झटका लांबून यायचा, म्हणजे दोरी लांब असली की कसा सैल येतो तसा. आता लवकर लागतो. मध्ये कमी दोरी आहे.

१६ जून, शनिवार

सोजरबाईंनी चहा देताना माझं मनगट बघितलं. बँडेजखालून वण वर आलाय. कप माझ्या हातात न देता त्यांनी तो जमिनीवर ठेवला आणि मागे सरकल्या. विचारलं, कुणी दिली.

मी काय ते विचारलं. त्या म्हणाल्या, आता इचारून काय उपेग, धरलीस न्हवं?

मग सांगितलं. तुटक तुटक, अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत. खाण चालू होती तेव्हा दत्तोबा नावाचा माणूस सगळ्यात खाली सुरुंगाची भोकं पाडायचा. दोरी मनगटाला. वर कप्पीपाशी एक जण ते टोक धरून बसायचा. खालून झटका आला की वरच्यानं झटका द्यायचा, म्हणजे खालच्याला कळायचं, माणूस हाय, गेला न्हाई. एक दिवस झरा फुटला. दत्तोबानं झटका दिला. वरच्यानं उलट दिला, हाय म्हणून. मग पाणी बघितलं, आणि दोरी सोडून पळाला.

दत्तोबा अजून विचारतोय. पाण्याखाली जो कुणी हाय म्हणेल, दोरी त्याची. आणि हाय म्हटल्यावर तो त्या माणसाकडे दोरी आखडत वर यायला लागतो. दर झटक्याला एक हात.

मी विचारलं, उत्तरच नाही दिलं तर? त्या म्हणाल्या, बजरंगानं आधी दिलं, मग द्यायचं सोडलं. मग दत्तोबानं त्यालाच खाली घेतलं. पायातलं ते बदकाच्या पंज्यावाणी एक सापडलं, बाकी कायबी न्हाई.

म्हणजे सोडून गेला नव्हता. मी त्याचा मागे राहिलेला सूट घालतोय.

वर दोरी धरून बसलेला कोण होता, हे विचारल्यावर सोजरबाई कोंबड्या झाकायला उठल्या. भर दुपारी.

१७ जून, रविवार

मन्सूरभाईला सरळ विचारलं. त्यानं नाकारलं नाही. काही काही माणसं नाकारतील तर बरं असं वाटतं.

म्हणाला, बजरंग बुडाला तेव्हा तो त्याला शोधायला उतरला होता. गढूळ पाणी. शोधदोरीला झटका लागला. त्याला वाटलं पोरगा जिवंत आहे. त्यानं जीव तोडून उलट झटका दिला. आहे, मी आहे, येतोय. कुणीही दिला असता.

नंतर वर्षभर धरली, तेव्हा झटका आठवड्या-दोन आठवड्यांनी एखादा यायचा. शेवटी शेवटी दोरी एवढी आखडली की रात्री पलंगाच्या खाली कुणीतरी ओल्या तोंडानं श्वास घेतंय असं ऐकू यायचं. मुली शेजारच्या खोलीत झोपायच्या. म्हणून मी. बाहेरचा, एकटा, उत्साही. हे शेवटचे शब्द त्याचे आहेत.

मी विचारलं, सुटायचं कसं. म्हणाला तुला माहितीये. पाण्याखाली, आणि समोरच्यानं स्वतःहून उत्तर द्यायला हवं. सांगून देता येत नाही, सांगितलं तर कोण देईल उत्तर?

माफ कर म्हणाला नाही. टँक भरत राहिला. मग मागे न वळता म्हणाला, चोवीसला तुझी मैत्रीण येतेय ना. पाणी तोवर गढूळच असेल.

त्याला मारायला हवं होतं मी. मारलं नाही. मी काय केलं माहितीये? मी आभाळाकडे बघितलं. पाऊस आहे का ते बघितलं.

१९ जून, मंगळवार

सकाळपासून एकदाही उत्तर दिलं नाही. ठरवलं होतं. बघू काय होतं ते.

लंचला कॅन्टीनकडे निघालो होतो. एवढंच आठवतं. पुढे सिक्युरिटीवाला काका मला बगलेत धरून मागे खेचत होता आणि ओरडत होता. कंपनीच्या गेटपाशी ते शोभेचं तळं आहे, कारंजं असलेलं. गुडघाभर पाणी. मी कडेला पालथा पडलो होतो आणि डावा हात खांद्यापर्यंत आत होता.

गुडघाभर पाण्यात. खांद्यापर्यंत. फरशी लागली नाही.

उत्तर दिलं. तिथेच, काकासमोर. लगेच सोडलं दत्तोबानं.

२० जून

ऑफिसला गेलो नाही. सोजरबाईंना खोली सोडतो म्हणालो. म्हणाल्या, सोड की, दोरी काय खिडकीला बांधलीय?

शिवाजीनगरला जाऊन गाडीत बसलो. सोलापूरची. पाणी नसलेलं गाव म्हणून. हडपसरच्या पुढे हात खिडकीला लागला आणि काचेतून बाहेर— ड्रायव्हरनं उतरवून दिलं. परत आलो. उत्तर दिलं. दर वेळी एक हात. मी मोजत नाही. मोजायचं नाही ठरवलंय.

२१ जून

सुनीतीला फोन केला. येऊ नकोस म्हणालो. पाणी घाण आहे, इन्फेक्शन होईल, मन्सूर फ्रॉड आहे, जे सुचेल ते. ती ऐकत होती. मग म्हणाली, वर्षभर माझं डोकं खाल्लंस आणि आता मी येतेय तर तुझं ते प्रायव्हेट तळं झालं का रे? पैसे भरलेत मी. तू नसलास तरी मन्सूरसर नेतील.

मग म्हणाली, तुझा आवाज कसा येतोय. जेवलास का. मी डबा आणते रविवारी. मेथीची भाजी आणते, तुला आवडते ती.

खरं सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं. पण खरं सांगितलं तर ती उत्तर देणार नाही, हे मनात आलं. आणि मी तोंड मिटलं.

हे मी लिहिलंय. खोडत नाही.

२२ जून

झटका नाही आता. झटक्याला जागा लागते.

ओढ आहे. सतत. थंड.

बँडेज ओलं. बदललं. ओलं. खोलीभर ओल्या दगडाचा वास. सोजरबाईंनी जिन्याचं दार पलीकडून लावून घेतलंय. जेवण पायरीवर ठेवतात.

२३ जून

आज पलंगाखालून नाही. शेजारून. श्वास. मी श्वास धरला की तोही धरतो. मग माझ्यासाठी थांबतो.

तो रागावलेला नाही. हे सगळ्यात— तो फक्त विचारतोय. कुणीतरी धरून बसलंय का, एवढंच. मला त्याची दया यायला लागलीये आणि मला वाटतं तसंच तो—

उद्या पोचेल. उद्याच.

२४ जून, रविवार. सकाळ

शेडमध्ये बसून लिहितोय. उजव्या हातानं. डावा मांडीखाली दाबून ठेवलाय.

ऊन पडलंय. पाणी मात्र चहासारखं.

सुनीती वेळेच्या आधी आली. डबा तिथे खुंटीला लटकतोय. सूट घातला तिनं, मास्कमध्ये थुंकून काच पुसायला शिकली, हे किती डिसगस्टिंग आहे म्हणून हसली. सोजरबाई दारात उभ्या होत्या. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आत गेल्या. कडी लावली.

मन्सूरभाईनं दोरी काठावर मांडून ठेवलीये. दोन फास. म्हणाला, तुम्ही दोघं जा, मी वरून बघतो. तिला शिकवतोय. ऐकू येतंय मला. एक झटका म्हणजे आहेस ना. उलट एक म्हणजे आहे. विचारलं की उत्तर द्यायचंच. ती म्हणतेय, हो सर, कळलं, एवढं काय त्यात.

बोटं. माझ्या डाव्या तळहातात बोटं आहेत आत्ता. मांडीखाली. सालं निघालेली, कचेनं भरलेली. घट्ट नाही धरलेलं. लहान मूल धरतं तसं.

ओरडू शकतो. ओरडलो तर ती जाईल घरी. ती जगेल, आणि मी—

आई एकटी आहे माझी. हे कारण आहे का? मन्सूरलाही मुली आहेत. सगळ्यांना कुणीतरी असतंच ना.

ती आली. शेडच्या दारात. उन्हात उभी आहे, चेहरा दिसत नाही. हात पुढे केलाय. डावा. चल ना रे म्हणतेय, घाबरलास का, मी आहे ना.

मी आहे म्हणाली. पाण्याबाहेर. अजून धरलं जात नाही ते. अजून

दोरी माझ्या उजव्या हातात आहे. म्हणजे मी कधी उचलली— लिहिता लिहिता—

वाचणाऱ्यांनो. लवकर. तुम्हीच सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर हे टोक तिला दिलं असतं, की